सैन्य विकायचं नाही

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी आपल्या वॉरहॅमर ४०,००० च्या, म्हणजे छोट्या आकृत्या रंगवून टेबलावर फाशांनी लढायच्या खेळाच्या, क्लबातून निघताना जिन्यात थांबून तू विचारलंस, "काका, हे सगळं विकून स्पेस मरीनचं सैन्य घेऊ का?" माझी शेवटची बस होती. नुसतं "नको" म्हणालो आणि पळालो. घरी येईपर्यंत ते मला खटकत राहिलं. तुझा तो प्लास्टिकचा डबा अजून डोळ्यांसमोर आहे. वर हळदीच्या रंगाचे सात टर्मागंट, तुझ्या सैन्यातले ते छोटे किडे, आणि खाली राखाडी प्रायमरमध्ये, रंगाखालच्या पहिल्या थरात, तसेच पडलेले तेरा.

विकायचं नाही. हे आधी सांगून टाकतो, कारणं नंतर.

तुझी अडचण मला कळत नाही असं समजू नकोस. २०२३ साली खेळाच्या नियमांच्या दहाव्या आवृत्तीचा तो मोठा लेव्हियाथन डबा तू आणि तुझ्या मित्राने मिळून घेतलात. पंचवीस स्पेस मरीन, ते चिलखती सैनिक, त्याने नेले, सत्तेचाळीस टायरॅनिड, हे परग्रहावरचे किडे, तू. मग तू त्यात आणखी दोन डबे घातलेस. आता तुकड्यांचे पॉइंट, म्हणजे खेळातल्या किमती, बदलले, कुणीतरी व्हिडिओत तुझी आर्मी यादीच्या तळाला टाकली, मित्र लागोपाठ तीन वेळा जिंकला. आणि तुला वाटायला लागलं की वाटणी करताना आपण चुकीची बाजू उचलली.

चुकीची नव्हती. त्या पंज्यांकडे बघून आजोळच्या विहिरीतले खेकडे आठवले, असं तूच मला सांगितलं होतंस. डब्यावरचा हाडाचा आणि जांभळा रंग बाजूला ठेवून पाठीला हळदीचा पिवळा द्यायचा, हेही तूच ठरवलंस. त्या दिवशी तुला कुठली यादी विचारावी लागली नव्हती.

आता माझं ऐक. मी १९९६ साली कोल्हापुरातून नॉटिंगहॅमला शिकायला आलो. लेंटनमध्ये भाड्याची खोली होती, आणि नोव्हेंबरात चार वाजता अंधार पडतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. या खेळातले जे एल्डार, दुसरे परग्रहवासी, मी त्या हिवाळ्यात हातात घेतले ते जेस गुडविन यांनी घडवलेले होते, धातूचे, वजनदार. हाउलिंग बॅन्शी नावाच्या एल्डार योद्ध्यांच्या शिरस्त्राणामागून उडणारी ती केसांची आयाळ मी तासन्‌तास बघत बसायचो. ब्लीच्ड बोन या हाडाच्या रंगाचा पातळ हात, वाळू द्यायचा, परत हात, मग केसांना लाल. बिएल-टान या एल्डारांच्या अवकाशजहाजाची आर्मी उभी करायची असं ठरवलं होतं, कारण एल्डारांमध्ये सगळ्यात जास्त अॅस्पेक्ट योद्धे, म्हणजे बॅन्शींसारखे एकेका युद्धकलेत तरबेज योद्धे, त्या जहाजाचे. बॅन्शींच्या दोन तुकड्या, स्कॉर्पियनच्या दोन, फायर ड्रॅगनच्या दोन. नऊ महिने गेले.

१९९८ च्या ऑक्टोबरात तिसरी आवृत्ती आली. त्यात आर्मी कशी मांडायची याचा नवा तक्ता होता. त्या तक्त्याप्रमाणे एलिट, म्हणजे खास, तुकड्या जास्तीत जास्त तीन, आणि माझ्या या सहाच्या सहा तुकड्या एलिट. म्हणजे माझी निम्मी मेहनत डब्यात राहणार. चिलखताचा हिशोबही बदलला होता. पूर्वी जोरदार शस्त्र लागलं की बचावाचा फासा तेवढा अवघड व्हायचा. आता बचाव एक तर पूर्ण मिळायचा किंवा अजिबात नाही. मी चार महिने हरलो. आणि १९९९ च्या मार्चमध्ये दुकानाच्या फलकावर चिठ्ठी लावून सगळं एकशे चाळीस पौंडांना विकलं.

घेणारा भला माणूस होता. त्याने मला सरळ सांगितलं की त्याला स्वतःचे रंग द्यायचे आहेत, म्हणून तो सगळं द्रावणात बुडवून रंग काढणार. त्याचा हक्क होता. पण त्या रात्री मला कळलं की आपण काय विकलं. आकृत्या शाबूतच राहणार होत्या, धातूच्या होत्या. विरघळला तो माझा हिवाळा.

पुढच्याच वर्षी, २००० साली, एल्डारांच्या जहाजांवर एक छोटं पुस्तक आलं. त्यात बिएल-टानसाठी वेगळा नियम होता. अॅस्पेक्ट योद्धे एलिटच्या खान्यातून काढून मुख्य तुकड्यांच्या खान्यात टाकले होते. आता सहाच्या सहा तुकड्या हक्काने टेबलावर आल्या असत्या, जशा मी रंगवल्या होत्या तशाच. ते पान मी दुकानात उभ्या उभ्या वाचलं, पुस्तक परत फळीवर ठेवलं आणि बाहेर आलो. चूक कुणाचीच नव्हती, माझी होती. एक वर्ष थांबायची तयारी नव्हती माझी. तीच आर्मी परत उभी करायला मला पुढे अकरा वर्षं लागली.

म्हणून म्हणतो, विकायचं नाही.

आणि हे फक्त माझ्या बाबतीत घडलं असं नाही. २०१७ साली आठवी आवृत्ती आली तेव्हा चिलखताचा तो जुना, १९९८ साली गेलेला हिशोब परत आला. प्रत्येक तुकडीचा स्वतःचा चालण्याचा वेग, तोही तेव्हाच गेला होता, तोही परत आला. स्क्वॅट आठवतात का? तुला कसे आठवतील, तुझ्या जन्माआधीच त्यांचं नाव बंद झालं. नव्वदच्या दशकात ज्यांनी ती बुटक्यांची फौज फेकून दिली ते पुढे २०२२ साली लीग्ज ऑफ व्होटान नावाने तीच मंडळी दुकानात परत आलेली बघत बसले. ज्यांनी माळ्यावर ठेवली होती त्यांनी ती खाली काढली आणि नातवंडांना दाखवली. २०१४, २०१७, २०२०, २०२३, दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती येते आणि पाटी पुसली जाते. तुझी आर्मी आज वाईट आहे म्हणजे या घडीला वाईट आहे, एवढंच. पाटीवरच्या खडूसाठी कुणी घर विकतं का?

आता तुझ्या गुरुवारच्या डावाबद्दल, कारण तिथे मला खरा राग आला होता. तू सात गुणांनी हरलास. समोरच्याची आर्मी पूर्ण रंगवलेली होती, त्याचे दहा गुण त्याला मिळाले. आपल्या क्लबात ते दहा गुण धरतात हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुझे तेरा टर्मागंट राखाडी राहिले म्हणून तुझे दहा गेले. बेरीज तूच कर. त्या दिवशी ते तेरा रंगवलेले असते तर तू तीन गुणांनी जिंकला असतास, आणि जिन्यात थांबून मला वेगळाच प्रश्न विचारला असतास.

दुसरं. शॅडो इन द वॉर्प, समोरच्याच्या तुकड्यांना मनोधैर्याची चाचणी द्यायला लावणारी तुझ्या किड्यांची ताकद, अख्ख्या डावात एकदाच वापरता येतं. तू ते पहिल्याच फेरीत वापरलंस! तेव्हा समोरच्याचे लोक अजून मोक्याच्या जागांवर पोचलेसुद्धा नव्हते. बॅटल-शॉक झालेल्या, म्हणजे त्या चाचणीत डगमगलेल्या, तुकडीची जागा धरण्याची ताकद शून्य होते, त्याचा सगळा उपयोग तिथे. जिथे कुणी जागा धरूनच बसलेलं नाही तिथे ती शून्य करून काय मिळवलंस? तिसऱ्या फेरीपर्यंत दम धर. त्याचे मरीन मधल्या दोन जागांवर ठाण मांडून बसले की मग काढ.

आणि तिसरं म्हणजे न्यूरोटायरंट, तुझ्या किड्यांना धीर देणारा तो म्होरक्या. तो तू डावीकडे शिकारीला पाठवलास. तो शिकारी नाही. सहा इंचांत तो असला की तुझ्या किड्यांना मनोधैर्याची चाचणी दोनऐवजी तीन फाशांवर मिळते. वीस टर्मागंट एकटे सोडलेस, ते निम्म्याच्या खाली गेले, दोन फाशांवर डगमगले आणि मधली जागा गेली. ही आर्मी माणसं मारून जिंकत नाही रे. ती जागा झाकून जिंकते, मरता मरता झाकते. मरीन घेतलेस तरी हीच चूक करशील, फक्त निळ्या रंगात करशील.

चिडून लिहितोय हे मला दिसतंय. पण तुझ्या हातात काय आहे ते तुलाच दिसत नाही, हे मला बघवत नाही.

पिवळ्याचं सांगतो. तू राखाडीवर थेट पिवळा लावतोस, म्हणून पाच हात देऊनही तो मळकट दिसतो आणि तू कंटाळतोस. पिवळा रंग झाकत नाही. आधी खाली फिकट गुलाबी दे. विश्वास ठेव, गुलाबीच. वर पिवळ्याचे दोन पातळ हात, मग सांध्यांतून तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, वाळल्यावर कडांना फिकट पिवळ्याचा ड्रायब्रश, म्हणजे जवळपास कोरड्या ब्रशचा हात. एका रात्रीत पाच होतात. तेरा म्हणजे तीन रात्री. प्रायमर मात्र पावसाळी हवेत फवारू नकोस. दमटपणात तो भुकटीसारखा बसतो आणि मग नखाने सुटतो. कोरडा दिवस बघून बाहेर मोकळ्या हवेत फवार, घरात हीटरजवळ नको.

आता पैशांचं, कारण मला माहीत आहे की खरं दुखणं तिथेही आहे. फी भरून, भाडं भरून तुझ्याकडे काय उरतं ते मी बघितलंय. वर्षभर काहीही घेऊ नकोस. एकसुद्धा डबा नाही. या खेळाच्या सुरुवातीच्या काळात मासिकात डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून ग्रॅव्ह-टँक, म्हणजे तरंगता रणगाडा, करायला शिकवलं होतं, आणि लोक त्यावर आनंदाने खेळत होते. हजार पॉइंटांवर खेळ, दोन हजारांची कुणी सक्ती केलेली नाही. आणि विकून तुला मिळेल किती? जोडलेलं, अर्धं रंगवलेलं सैन्य निम्म्या किमतीलाही जात नाही. नवे मरीन घ्यायला वरचे पैसे तू घालणार, परत राखाडी ढीग होणार, आणि पुढची आवृत्ती आली की परत मला जिन्यात गाठणार.

माझ्या घरात यावरून बोलणं झालेलं आहे. २००९ साली माझी नोकरी गेली. तोवर एल्डार बऱ्यापैकी जमले होते, कपाटाचे तीन खण. दोन महिन्यांचं भाडं त्यातून निघालं असतं. बायकोने विचारलं, आणि तिने विचारणं योग्यच होतं. मी नाही म्हणालो. एका गोदामात रात्रपाळी धरली, सात महिने केली, पाठ कायमची दुखावली. पण कपाट उघडलं नाही. लोक म्हणतात खेळण्यांसाठी पाठ घालवली. मी तसं मानत नाही. एकदा विकून बघितलं होतं, दुसऱ्यांदा विकणारा माणूस मला व्हायचं नव्हतं. आजही मला ते बरोबर वाटतं. बायकोलाही आता तसंच वाटतं. निदान नव्या खणाला काच बसवायची कल्पना तिचीच.

तुला मात्र गोदामात जायला सांगत नाही. भाड्याची अडचण असेल तर मला फोन कर, लाजू नकोस. मी देतो, नोकरी लागली की परत कर. पण भाड्याच्या नावाखाली सैन्य विकायचं नाही.

स्पर्धेत उतरणारी मुलं दर सहा महिन्यांनी आर्मी बदलतात हे मला माहीत आहे. ती हुशार असतात, त्यांना आकडे आवडतात, आणि त्यांचं ते खरं प्रेम आहे. त्यांना करू दे. तू तसा नाहीस. आकडे आवडणारा मुलगा खेकड्याच्या पंज्यांवर तीन तास घालवत नाही.

माझ्याकडे पहिल्या सैन्यातली एक बॅन्शी उरली आहे. विकताना ती टेबलाच्या मागे पडली होती, खोली सोडताना सापडली. १९९७ सालच्या रंगात आहे, आयाळीवर एका ठिकाणी माझ्या बोटाचा ठसा उमटलेला. ती मी खेळायला कधी काढत नाही. गुरुवारी तुला दाखवायला आणतो.

तू तुझे तेरा घेऊन ये. गुलाबीची बाटली माझ्याकडे आहे, विकत घेऊ नकोस. साडेसहाला ये, डाव सुरू व्हायच्या आधी आपल्याला एक तास मिळेल. आणि ती विक्रीची जाहिरात टाकली असशील तर हे पत्र खाली ठेवायच्या आधी काढ.

तुझा,
काका