मेलबर्नमधल्या माझ्या 15 वर्षांच्या भाच्याला ‘फुटी’त, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, करिअर करायचं आहे. ते खरंच शक्य आहे का, की त्याला वेळीच क्रिकेटकडे वळवावं?

‘वेळीच’ हा शब्द वाचला आणि लिहायला बसले. आमच्या घरात तो शब्द मी कितीतरी वर्षं ऐकला आहे. मी मेलबर्नच्या पश्चिम उपनगरात राहते, आणि माझा मुलगा याच वाटेवर बराच पुढे गेला होता.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. शक्य आहे, पण फार अवघड आहे. एएफएल या फुटीच्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगमध्ये 18 क्लब आहेत आणि एकेका क्लबात चाळीस-पंचेचाळीस खेळाडू. म्हणजे अख्ख्या ऑस्ट्रेलियात या खेळावर नीट पोट भरणारे पुरुष आठशेच्या आसपास. एरवी नोव्हेंबरात राष्ट्रीय ड्राफ्ट होतो, त्यात साठ-सत्तर पोरं उचलली जातात. त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत वयाची 18 वर्षं पूर्ण व्हावी लागतात. क्लब आपण निवडायचा नसतो, तो आपल्याला निवडतो. मेलबर्नच्या मुलाला पर्थच्या क्लबाने घेतलं की बारावीची परीक्षा संपते न संपते तोच बॅग भरायची. पहिला करार दोन-तीन वर्षांचा. तेवढ्यात जम बसला नाही तर विशी-एकविशीतच घरी. सरासरी मानधन वर्षाला 4 लाख डॉलरांच्या वर आहे, पण ती सरासरी वरच्या खेळाडूंनी फुगवलेली. नवख्याला त्याच्या पुष्कळ खाली मिळतं.

आता आमचं सांगते. लेक सहा वर्षांचा असताना शाळेतल्या मित्राबरोबर ऑस्किकला, म्हणजे लहान मुलांच्या फुटीच्या वर्गाला, गेला आणि परत आला तो लंबगोल चेंडू बगलेत मारूनच. त्यानंतर आमचे हिवाळ्यातले रविवार मैदानावर गेले. मी संत्र्याच्या फोडी करून न्यायचे, नवरा पांढरा कोट घालून गोल अंपायर व्हायचा. गोलला दोन झेंडे, बाजूच्या खांबांमधून गेलेल्या एका गुणाच्या ‘बिहाइंड’ला एक. माझे वडील सांगलीकडे कबड्डी खेळलेले. त्यांनी व्हिडिओ कॉलवर नातवाचं टॅकल पाहिलं आणि म्हणाले, “अगं, ही तर माझी कंबरेची पकड आहे!” तेव्हापासून ते पहाटे उठून सामने बघायचे. नियम त्यांना शेवटपर्यंत कळले नाहीत, पण कोण घाबरतंय आणि कोण भिडतंय हे बरोबर कळायचं.

माझे मोठे दीर मात्र दर गणपतीला फोनवर एकच सांगायचे. हा आपला खेळ नाही, आपल्या पोरांची हाडं त्यासाठी नाहीत, वेळीच क्रिकेटला घाला. आणि लेक राज्याच्या 18 वर्षांखालच्या लीगमधल्या संघात निवडला गेला तेव्हाही त्यांनी अभिनंदन केलं नाही.

2019 हे त्याचं ड्राफ्टचं वर्ष. जूनमधली ओली दुपार होती. मार्क घ्यायला, म्हणजे लाथेने आलेला चेंडू हवेतच झेलायला, उंच उडाला, खाली येताना पाय वळला. कुणी धडकलंसुद्धा नव्हतं. मी कुंपणाजवळ उभी होते आणि तो उठला नाही तेव्हाच मला समजलं. गुडघ्यातला एसीएल, म्हणजे सांधा धरून ठेवणारा अस्थिबंध, तुटला. शस्त्रक्रिया झाली, आणि पुढचं जवळजवळ वर्ष व्यायामात जाणार हे ठरलं. दिरांचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. “मी सांगितलं होतं.” पोराच्या तब्येतीची चौकशी त्यानंतर.

त्या सप्टेंबरात उशीवर पाय ठेवून त्याने ग्रँड फायनल पाहिली. रिचमंडकडून मार्लियन पिकेट एएफएलमधला आपला पहिलाच सामना खेळत होता, थेट ग्रँड फायनलमध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी. तरुणपणी तुरुंगात जाऊन आलेला माणूस, त्याच वर्षी हंगामाच्या मध्यात झालेल्या ड्राफ्टमध्ये घेतलेला. रिचमंडने 89 गुणांनी सामना जिंकला. लेक माझ्याकडे वळून म्हणाला, “आई, सत्तावीस!” दुसऱ्या दिवसापासून त्याने व्यायामाचा एक दिवस चुकवला नाही. दिवाळीच्या रात्रीसुद्धा, पाहुणे बाहेर फराळ करत असताना, हा गॅरेजमध्ये एका पायावर बसून उठत होता.

मार्च 2020 मध्ये तो धावायला लागला आणि कोविड आला. व्हिक्टोरियातला त्याच्या लीगचा पूर्ण हंगाम रद्द झाला. एएफएलची ग्रँड फायनलसुद्धा त्या वर्षी पहिल्यांदाच राज्याबाहेर, ब्रिस्बेनला झाली. ज्याला कुणी वर्षभर खेळताना पाहिलं नाही त्याला ड्राफ्टमध्ये कोण घेणार? त्या वर्षी ड्राफ्ट डिसेंबरात झाला, आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. नाव येणार नाही हे माहीत होतं, तरी शेवटच्या नावापर्यंत बसलो.

आज तो फिजिओथेरपिस्ट आहे आणि शनिवारी गावक्लबाकडून खेळतो. दीर अजूनही त्या वर्षांना ‘फुकट गेलेली’ म्हणतात. मी ते मान्य करत नाही, कधीच करणार नाही. दुखण्यात रोज उठून काम कसं करायचं हे माझ्या पोराला त्या गुडघ्याने शिकवलं, आणि आज त्याच्याकडे येणाऱ्या रुग्णांना तो तेच शिकवतो.

क्रिकेटबद्दल म्हणाल तर हिशेब करून बघा. ऑस्ट्रेलियाच्या देशांतर्गत क्रिकेटमध्ये राज्यसंघ सहाच आहेत. तिथे आठशे जागा नाहीत, त्याच्या पाव तरी असतील का? मग ‘सुरक्षित’ म्हणून पोराला तिकडे ढकलण्यात कसलं शहाणपण? त्याला क्रिकेट आवडत असेल तर खेळू दे. फुटी आवडत असताना मात्र वळवू नका. आणि ‘आपली हाडं’ वगैरे कुणी म्हणालं तर सांगा की जिम स्टाइन्स डब्लिनहून आला तेव्हा हा खेळ त्याने कधी खेळलेलाच नव्हता, आणि हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारं ब्राउनलो पदक त्याने 1991 मध्ये जिंकलं.

तुमच्या बहिणीला एक विचारायला सांगा. आई-वडिलांपैकी एकाचा जन्म आशियात झालेला असेल, तर त्यांच्या भागातल्या एएफएल क्लबाच्या नेक्स्ट जनरेशन अकादमीत मुलाला घेता येतं का? आम्हाला हे उशिरा कळलं. आणि बारावीत अभ्यास सोडू देऊ नका, यावर मी दिरांच्याच बाजूची आहे.

हो, एक राहिलंच, आणि ते आधी सांगायला हवं होतं. गुडघा परत बांधता येतो, डोकं नाही. मेलबर्न क्लबाच्या अँगस ब्रेशॉला डोक्याला पुन्हापुन्हा बसलेल्या माराने 2024 मध्ये 28 व्या वर्षी निवृत्त व्हावं लागलं. भाच्याच्या डोक्याला मार लागला आणि तो “मी ठीक आहे” म्हणाला तरी डॉक्टरांनी लेखी होकार दिल्याशिवाय मैदानावर पाठवू नका, फायनल असली तरी. माझ्या लेकाला मी एकदा असंच कुंपणाबाहेर बसवलं होतं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता.