फुलपाखराच्या रंगावर जाऊ नका

गौताळ्यात रुईजवळ टिपलेले केशरी फुलपाखरू मी प्लेन टायगर म्हणून नोंदवले. मित्र म्हणतो, ती डॅनेड एगफ्लायची मादी. खरे काय? – कन्नड

तुमच्या फोटोत मागच्या पंखाच्या मध्यावर काळे ठिपके स्पष्ट दिसतात. तो प्लेन टायगरच, म्हणजे बिबळ्या कडवा. मादीला हे ठिपके तीन, नराला चार. एगफ्लायच्या मादीचा तो भाग कोरा असतो, फक्त वरच्या कडेला एक काळा डाग. शिवाय तिच्या पंखांच्या कडा कातरल्यासारख्या दिसतात.

एगफ्लायच्या मादीचे हे टायगरसारखे सोंग कशासाठी? टायगरची अळी रुईची पाने खाऊन विषारी होते आणि तो कडवटपणा फुलपाखरातही उतरतो. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही, म्हणून टायगर निवांत तरंगत उडतो. एगफ्लायची अळी मात्र घोळीवर वाढते, आपण भाजी करतो त्याच घोळीवर. तिच्यात विष नाही, म्हणून मादीने टायगरचे रूप घेतले. पाठलाग केलात तर ती सुसाट निघते. तिचा नर वेगळाच, काळा आणि जांभळ्या झाकेचे मोठे पांढरे डाग असलेला. एकाच जातीची ही जोडी पाहून मला आजही नवल वाटते.

मोसंबीवर लाल ठिपक्यांचे, शेपटीवाले काळे फुलपाखरू अंडी घालत होते. कॉमन रोझ का? – अंबड

नाही, ती कॉमन मॉरमॉनची मादी. पंख सोडा, अंग पाहा: रोझचे अंग लाल, मॉरमॉनचे काळे. झाडानेही उत्तर दिलेच आहे. रोझ ईश्वरीच्या वेलीवर अंडी घालते. लिंबू, मोसंबी, कढीपत्ता ही मॉरमॉनची झाडे. मॉरमॉनच्या माद्या तीन रूपांत दिसतात: एक नरासारखी, एक कॉमन रोझसारखी, एक क्रिमझन रोझसारखी. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काही दिसले तर नीट पाहा, लहान अळी तशीच दिसते. वाढलेल्या झाडावरच्या चार-दोन अळ्यांसाठी कृपया फवारणी करू नका; कोवळ्या रोपांवरच्या हाताने वेचा.

सोबतच्या फोटोतले पिवळे फुलपाखरू कोणते? – औसा

हे ग्रास यलो गटातले; पण पंख उघडे असताना या गटातली नेमकी जात ठरवणे अवघड. पंख मिटून बसले की पुढच्या पंखाच्या बुडाकडचे बारीक ठिपके मोजा: दोन असतील तर बहुधा कॉमन, तीन असतील तर थ्री-स्पॉट. तोवर नुसते 'ग्रास यलो' लिहा. ती नोंदही मोलाची आहे.

रामलिंग घाटात ऑगस्टमध्ये डोळ्यांसारखे ठिपके असलेले तपकिरी फुलपाखरू दिसले, फेब्रुवारीत बिनठिपक्यांचे. दोन जाती का? – येडशी

एकच, कॉमन इव्हिनिंग ब्राऊन. पावसाळी पिढीच्या पंखांखाली डोळे ठळक असतात, कोरड्या ऋतूतल्या पिढीचे जवळजवळ पुसले जातात. पाचोळ्यात बसल्यावर ते वाळके पानच वाटते. तुम्ही दोन्ही फोटोंखाली तारीख लिहिली होती, म्हणून हे खात्रीने सांगता आले.