पहिला गोल्फ बॉल घेताना

अगं, डब्यावर 'लेडी' लिहिलंय म्हणून बॉल उचलू नकोस. नियम सगळ्यांना एकच: वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको, व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको. फरक असतो तो कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे बॉल किती मऊ आहे त्यात. तुझा स्विंग, म्हणजे काठी फिरवणं, अजून सावकाश आहे, तेव्हा कमी कॉम्प्रेशनचा साधा टू-पीस (आत एक गाभा, वर एक आवरण) घे. मी सुरुवातीला कडक बॉल वापरायचे. थंडीत सकाळी फटका चुकला की मनगटापर्यंत झिणझिण्या यायच्या. युरेथेनच्या (एक मऊ प्लास्टिक) आवरणाचे महागडे बॉल आत्ता नकोतच, शिकताना बॉल हरवतात गं. दोन-तीन प्रकारांची तीन-तीनची खोकी आण आणि आधी पटिंग करून बघ, म्हणजे पटर या काठीने बॉल खळग्याकडे हळूच ढकलून बघ. पटरवर कुठला मऊ वाटतो, ते हाताला लगेच कळतं. रंग पिवळा घे, पांढऱ्यापेक्षा पटकन सापडतो.