शनवारा दरवाजा फारुकींचा की निजामाचा?

ताई, तुम्ही रावेरच्या मुलांना घेऊन बऱ्हाणपूरला जाणार आहात, आणि शनवारा दरवाजा '600 वर्षांपूर्वीचा, फारुकी सुलतानांचा' असं त्यांना सांगावं का, असं विचारलंय. शिवाय तट पडून गेला तरी दरवाजे कसे उरले, हेही.

पहिल्याचं उत्तर सरळ देतो: तसं सांगू नका. 600 वर्षांचं आहे ते शहर. नासिरखान फारुकीने 1400 च्या सुमारास तापीच्या उत्तर काठावर ते वसवलं आणि दौलताबादच्या शेख बुऱ्हाणुद्दीन यांचं नाव त्याला दिलं. 1601 मध्ये त्यांचा जवळचा किल्ला असीरगड अकबराच्या हाती गेला आणि फारुकी राज्य संपलं. आज शहरात ज्या वेशी दिसतात, त्या विटांच्या तटातल्या आहेत आणि तो तट हैदराबादचा पहिला निजाम, निजाम-उल-मुल्क आसफजाह याने 1731 मध्ये उभारला. त्याला बुरूज होते आणि नऊ दरवाजे होते. फारुकी राज्य बुडून तोवर 130 वर्षं उलटली होती.

यामुळे दरवाजाचं मोल कमी होतं असं कुणाला वाटत असेल तर मला ते पटत नाही. उलट खरी गोष्ट इथूनच सुरू होते. मुलांना एकच प्रश्न विचारा: शहर भरभराटीत असताना एवढा तट लागला नाही, मग उतरती कळा लागल्यावर का लागला?

मोगल काळातलं बऱ्हाणपूर सुमारे 5 चौरस मैलांवर पसरलेलं होतं, घेर साडेदहा मैलांचा. दख्खनच्या सुभेदारीचं ते मुख्य ठाणं. अकबराचा मुलगा दानियाल इथे होता, पुढे जहांगीराचा मुलगा परवेझ होता आणि 1615 मध्ये इंग्रज राजदूत थॉमस रो याच परवेझच्या दरबारी येऊन गेला. त्याच सुमारास मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखानाच्या कारकिर्दीत सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून शहरात आणलं गेलं. तो कुंडी भंडारा आजही पाहता येतो. इथलं कापड दूरदूर जायचं. जुन्या कोटाबाहेर एकेक पुरा (वस्ती) वाढत गेला, त्यात सावकार, विणकर, व्यापारी राहत. पैसा बाहेर होता, भिंत आत होती.

हे मराठ्यांनी बरोबर हेरलं. 1681 च्या जानेवारीअखेर संभाजी महाराजांच्या फौजा हंबीरराव मोहित्यांच्या नेतृत्वाखाली यांतल्याच एका पुऱ्यावर, बहादुरपुऱ्यावर आल्या. बहादुरपुरा आणि आणखी सतरा पुरे लुटले गेले. आतलं शहर दरवाजे लावून बसलं आणि वाचलं. वेशीच्या आत आणि वेशीच्या बाहेर राहण्यात काय फरक असतो, हे बऱ्हाणपूरकरांना त्या तीन दिवसांत कळलं असेल.

त्यानंतर चौथाईचा तगादा थांबला नाही. 1728 च्या पालखेड मोहिमेत बाजीराव पेशव्यांनी बऱ्हाणपुरावर चालून जात असल्याची हूल दिली आणि निजामाला धावाधाव करायला लावलं. आपलं कोणतं शहर दाखवलं की आपण हलतो, हे निजामाला स्वतःलाच त्या वेळी दिसलं. तीनच वर्षांनी हा तट उभा राहिला. या दोन गोष्टींचा संबंध मी जोडतो, तो माझा तर्क म्हणून घ्या; पण तो मला पक्का वाटतो.

आता या तटाचा आकार बघा. त्याने कवेत घेतलेली जागा सव्वा-दीड चौरस मैलांची. म्हणजे जुन्या विस्ताराच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. बाकीचं शहर ओस पडत होतं किंवा त्याला राखणं परवडत नव्हतं. शनवारा, इतवारा, लोहारमंडी, राजपुरा, शिकारपुरा या वेशी नकाशावर जोडून दाखवा, मुलांना ते आक्रसलेलं शहर डोळ्यांनी दिसेल.

पुढचा भाग थोडक्यात. निजाम 1748 मध्ये बऱ्हाणपुरातच वारला. त्याची कबर खुलदाबादला आहे, आणि तीही ज्यांच्या नावाने हे शहर वसलं त्या बुऱ्हाणुद्दीनांच्याच दर्ग्यात. 1760 मध्ये उदगीरला मराठ्यांनी निजामाच्या फौजेला हरवल्यानंतर शहर पेशव्यांकडे आलं, 1778 मध्ये शिंद्यांकडे गेलं. 1803 च्या ऑक्टोबरात असईच्या लढाईनंतर इंग्रजांच्या फौजेने ते घेतलं, मग तहात शिंद्यांना परत दिलं. 1860-61 पासून ते इंग्रजी अमलाखाली गेलं.

दरवाजे का उरले? तटाचा उपयोग संपला की त्याच्या विटा घरांना, कुंपणांना लागतात. खानदेशातल्या कुठल्याही जुन्या गढीला विचारा. वेशीचं तसं नसतं. तिच्यातून रोजचा रस्ता जातो, तिच्या नावाने पत्ता सांगितला जातो, बाजार तिच्याजवळ भरतो. वापरात राहिलेली वस्तू लोक सहसा पाडत नाहीत. आता मात्र तोच रस्ता तिचा शत्रू झालाय. गाड्यांचे धक्के, कमानीला ठोकलेले फलक, तारा हे पाहिलं की जीव तुटतो. मुलांना हेही दाखवा.

कुठल्याही वेशीपाशी थांबलात की चार गोष्टी शोधायला सांगा: दोन्ही बाजूंचे बुरूज, पहारेकऱ्यांच्या देवड्या, अडसर सरकवायची भोकं, आणि दरवाजाच्या फळ्या उरल्या असतील तर त्यातली दिंडी, म्हणजे छोटं दार. रात्री मोठा दरवाजा बंद झाल्यावर एकेका माणसाला वाकून त्या दिंडीतूनच आत घेत.

फारुकींचं काम दाखवायचंच असेल तर जामा मशिदीत न्या. राजा अलीखानाच्या काळातली ती दगडी इमारत, तिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे आणि अकबराच्या असीरगड विजयाचाही लेख कोरलेला आहे. आधी मशीद आणि मग वेस, या क्रमाने गेलात तर दगड आणि वीट यांतला फरक मुलं स्वतःच सांगतील. असीरगड त्याच दिवशी घेऊ नका. तो वीसेक किलोमीटरवर आहे आणि त्याची चढण मुलांना दमवते. त्याला वेगळा दिवस ठेवा.