जामीनदार वडील आणि मुलाचा ग्रीन कार्डाचा नंबर

प्रश्न : मी वीज खात्यातून निवृत्त झालो, नागपुरात मनीषनगरला राहतो. मुलगा इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीकडून ऑक्टोबर २०२१ मध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेला गेला. त्याआधी कंपनीने बॉण्ड लिहून घेतला : तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर १२ लाख रुपये. जामीनदार म्हणून माझी सही आहे, शिवाय माझ्या पेन्शनच्या खात्याचे दोन कोरे चेक त्यांच्याकडे आहेत. मार्च २०२४ मध्ये कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डासाठी पर्मचा (तिथल्या कामगार खात्याच्या दाखल्याचा) अर्ज केला, ४ ऑगस्ट २०२५ ला आय-१४० (त्यानंतरचा कंपनीचा ग्रीन कार्डाचा अर्ज) मंजूर झाला. सून तिकडेच एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) राहून काम करते. आता त्याला दुसऱ्या कंपनीची चांगली ऑफर आहे. जुनी कंपनी म्हणते, ग्रीन कार्डाचा खर्च धरून बॉण्ड २५ लाखांचा झाला. सोडलंस तर रांगेतला नंबर जाईल आणि वडिलांवर केस होईल. बॉण्डच्या दोन्ही प्रतींचे फोटो सोबत पाठवले आहेत. बहिणीच्या लग्नासाठी तो सध्या नागपुरात आहे, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परत जाईल. घरात लग्नाच्या तयारीपेक्षा याचंच बोलणं चालू आहे. काय करावं?

उत्तर : आधी नंबराचं बोलू, कारण मुलगा त्याच भीतीने अडकला आहे. नोकरीच्या आधारावर अमेरिका वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं देते आणि कुठल्याही एका देशाच्या लोकांना त्यातली ढोबळमानाने ७ टक्के. भारतातून जाणारे इतके, की २०२५ संपत आलं तरी ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या गटात २०१३ साली अर्ज केलेल्यांची पाळी चालू आहे. तुमच्या मुलाची तारीख, म्हणजे पर्मचा अर्ज झाला ती, मार्च २०२४ ची. म्हणजे वाट लांबची आहे, आणि म्हणूनच ती तारीख जपायची.

कंपनी जे सांगते ते मात्र खरं नाही. आय-१४० एकदा मंजूर झाला की ती तारीख मुलाची होते. नव्या कंपनीला पर्म आणि आय-१४० पहिल्यापासून करावे लागतील, पण रांगेत तो मार्च २०२४ लाच उभा राहील. जुन्या कंपनीने उद्या रागाने आय-१४० मागे घेतला तरी तारीख जात नाही. अर्जात फसवणूक निघाली, पर्म रद्द झालं किंवा मंजुरीच चुकीने दिली होती असं ठरलं, तर गोष्ट वेगळी.

आता जिथे घाई महागात पडेल ते. मंजुरीला १८० दिवस व्हायच्या आत कंपनीने आय-१४० मागे घेतला तर तो रद्द होतो. १८० दिवसांनंतर मागे घेतला तर रद्द होत नाही. हा फरक दोन ठिकाणी लागतो. एच-१बीची सहा वर्षं सप्टेंबर २०२७ ला संपतील. पुढची तीन-तीन वर्षांची मुदतवाढ जिवंत आय-१४० असेल तरच मिळते. आणि तुमची सून तिकडे एच-४ वर राहून काम करते असं तुम्ही लिहिलं आहे. तिचा कामाचा परवाना नवऱ्याच्या याच आय-१४० वर उभा आहे, हे बहुतेक घरांत कोणाच्या लक्षात नसतं.

४ ऑगस्टपासून मोजले तर १८० दिवस ३१ जानेवारी २०२६ ला भरतात. म्हणून मुलाने राजीनामा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याआधी देऊ नये. ऑफरचं कंपनीत कोणाला बोलूही नये. नव्या कंपनीला जॉइनिंग लांबवायला सांगा. जी कंपनी महिनाभर थांबायला तयार नाही, ती पुढे ग्रीन कार्डासाठी किती थांबेल?

नव्या कंपनीचा एच-१बीचा अर्ज मुलगा अमेरिकेत परतल्यावरच दाखल व्हावा. १९ सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने नव्या अर्जांवर १,००,००० डॉलर लावले, ते मुख्यतः देशाबाहेर असलेल्या आणि हातात चालू व्हिसा नसलेल्यांसाठी. अमेरिकेत राहून कंपनी बदलणाऱ्याला, त्याचा दर्जा चालू असेल तर, ते लागत नाहीत. मुलाच्या पासपोर्टावरचा व्हिसा सप्टेंबर २०२७ पर्यंतचा आहे, त्यामुळे परत जाण्यात अडचण दिसत नाही. तिकीट मात्र पुढे ढकलू नका. नव्या व्हिसासाठी इथल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखतीला जावं लागतं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिथल्या कित्येक मुलाखती महिनोन्‌महिने पुढे ढकलल्या गेल्या. परतल्यावर नवा अर्ज दाखल झाला की त्याला नव्या जागी रुजू होता येतं, मंजुरीपर्यंत थांबावं लागत नाही. मंजुरी हातात येईपर्यंत थांबणं जास्त सुरक्षित, एवढंच.

हे सगळं तिकडच्या इमिग्रेशन वकिलाकडून तपासून घ्या, आणि तो वकील मुलाने स्वतःच्या पैशाने केलेला असू द्या. कंपनीचा वकील कितीही गोड बोलला तरी त्याचा अशील कंपनी असते.

आता पैशांचं. बॉण्ड म्हणजे रद्दी, त्याला कोर्ट विचारत नाही, असं तुम्हाला कोणी पानठेल्यावर सांगेल. ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या नोकरीचा दोन लाखांचा बॉण्ड वैध ठरवला आहे. पण बॉण्डात लिहिलेला आकडा म्हणजे वसुलीचा हुकूम नव्हे. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे तो आकडा ही कमाल मर्यादा. त्याच्या आत वाजवी भरपाई किती, ते न्यायालय ठरवतं. तेव्हा २५ लाख कसे झाले याचा कंपनीकडे हिशोब मागा. त्यात पर्मच्या वकिलाची फी आणि जाहिरातीचा खर्च धरला असेल तर अमेरिकेच्या कायद्याने जुलै २००७ पासून तो कर्मचाऱ्याकडून घेताच येत नाही. एच-१बीच्या अर्जाचा खर्चही मालकाचाच, आणि ठरल्या तारखेआधी नोकरी सोडली म्हणून दंड लावायलाही तिथे मनाई आहे. अशी वसुली झाली तर १२ महिन्यांच्या आत तिथल्या कामगार खात्याकडे तक्रार करता येते. जे अमेरिकेत मागता येत नाही ते नागपुरातून बापाच्या सहीवर वसूल करायचं, हा या बॉण्डचा खरा उद्योग आहे, आणि आपल्या न्यायालयात मी पहिला मुद्दा हाच मांडेन.

राहता राहिलात तुम्ही. जामीनदाराची जबाबदारी मूळ माणसाइतकीच असते, आणि मुलाला सोडून कंपनी थेट तुमच्यावरही येऊ शकते. त्यामुळे कंपनीची धमकी अगदीच पोकळ नाही. पण तुम्ही पाठवलेले दोन फोटो मी शेजारी-शेजारी ठेवून बघितले. २०२१ च्या तुमच्या झेरॉक्सवर, शंभराच्या स्टॅम्प पेपरला जोडलेल्या तिसऱ्या पानावर, टाइप केलेले १२ लाख आहेत. कंपनीने या आठवड्यात पाठवलेल्या प्रतीत त्याच ओळीत १२ खोडून निळ्या पेनाने २५ केले आहेत आणि शेजारी एकच आद्याक्षरी सही आहे, ती तुमची नाही. जामीनदाराला न विचारता कराराच्या अटी बदलल्या तर त्यानंतरच्या व्यवहारातून तो सुटतो. करार कायद्याचं कलम १३३ तेच सांगतं. मुलाने गेल्या वर्षी कंपनीच्या पोर्टलवर २५ लाखांच्या अटींना ‘मान्य’ म्हणून क्लिक केलं असेल, तर तो त्याचा प्रश्न, तुमचा नाही. शिवाय मूळ तीन वर्षं ऑक्टोबर २०२४ लाच संपली. ते झेरॉक्स आता लग्नाच्या कागदांत मिसळू देऊ नका. त्याच्या दोन प्रती काढा, एक मुलाबरोबर जाऊ द्या.

चेकचं काम याच आठवड्यात करा. चेक क्रमांक लिहून कंपनीला कळवा : हे चेक २०२१ च्या बॉण्डसाठी तारण होते, त्याची मुदत संपली, कोणतंही देणं बाकी नाही, चेक परत करा, आणि यापुढच्या कुठल्याही व्यवहारासाठी मी जामीन राहत नाही. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, म्हणून स्पीड पोस्टानेच पाठवा आणि पोहोच सांभाळा. या पत्रात मुलाच्या ऑफरचा शब्दही नको. बॉण्डची मुदत संपली एवढंच कारण पुरेसं आहे. बँकेत जाऊन ‘स्टॉप पेमेंट’ केलं की सुटलो, असं समजू नका. तसा परत गेलेला चेकही चेक न वटल्याच्या गुन्ह्याच्या कलम १३८ खाली येतो. त्यात तुमचा बचाव म्हणजे चेक वटवायला टाकला त्या दिवशी कायदेशीर देणं नव्हतं हा, आणि त्याचा पुरावा आज पाठवलेलं पत्र. चेक परत गेल्यावर नोटीस आलीच तर पैसे देण्याची मुदत १५ दिवसांची असते. ते १५ दिवस मुलाच्या फोनची वाट बघण्यात घालवू नका, नोटीस मिळाली त्याच दिवशी वकील गाठा.

मुलाने जाण्याआधी कंपनीकडून आय-१४० च्या मंजुरीची प्रत मागावी. देणार नाहीत, निदान पावती क्रमांक तरी लिहून घ्यावा, नव्या वकिलाला तो लागेल. आणि विमानाचे बोर्डिंग पास फेकू नका म्हणावं. अमेरिकेबाहेर काढलेले पूर्ण दिवस एच-१बीच्या सहा वर्षांत धरले जात नाहीत, ते नंतर मागून घेता येतात. बहिणीच्या लग्नासाठीचे हे दिवसही त्यातच आले.