हेवी प्रोग्रेसिव्ह रॉक आणि मेटल कुठून ऐकायला घ्यावं, आणि मित्रांना कसं ऐकवावं?

तुम्ही विचारलंय की हेवी प्रोग्रेसिव्ह रॉक आणि प्रोग्रेसिव्ह मेटल, म्हणजे लांब गाण्यांचं, बदलत्या लयींचं, जड गिटारचं संगीत, ऐकायची मनापासून इच्छा आहे, पण 'शंभर सर्वोत्तम अल्बम' छापाच्या याद्या बघून गांगरायला होतं. आणि जे थोडंफार आवडलं ते मित्रांना पाठवलं तर दोन मिनिटांपुढे कुणी ऐकत नाही. दोन्ही अडचणींचं मूळ मला एकच दिसतं. हे संगीत गठ्ठ्याने घेता येत नाही आणि गठ्ठ्याने देताही येत नाही. म्हणून मी यादी देत नाही. एक अल्बम देतो आणि तिथून पुढची वाट कशी काढायची ते सांगतो.

तो अल्बम म्हणजे किंग क्रिमसन या बँडचा 'रेड', १९७४ सालचा. पाच रचना, एकूण चाळीस मिनिटं. रॉबर्ट फ्रिप गिटारवर, जॉन वेटन बेस आणि गाणं, बिल ब्रुफर्ड ड्रम्सवर. अल्बम बाजारात यायच्या आधीच फ्रिपने बँड मोडला होता, आणि ऐकताना ते जाणवतं. कसलीही आवराआवर नाही, कुणाला खूश करायची धडपड नाही. पहिल्याच रचनेतली गिटार ऐका. पुढच्या पन्नास वर्षांत प्रोग्रेसिव्ह मेटलवाल्यांनी ज्या तऱ्हेने रिफ (गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) रचले, त्याचा बराचसा नकाशा तिथे आधीच काढून ठेवलेला आहे.

पण मी हा अल्बम सुचवतो तो शेवटच्या गाण्यासाठी. 'स्टारलेस', बारा मिनिटांहून थोडं मोठं. सुरुवातीला जे व्हायोलिनसारखं ऐकू येतं ते मेलोट्रॉन. दिसायला कीबोर्ड, पण प्रत्येक पट्टीमागे ध्वनिफितीचा एक तुकडा असतो आणि त्यावर खऱ्या वाद्याचा सूर आधीच मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत सरकू लागते आणि साधारण आठ सेकंदांत संपते. बोट उचलावंच लागतं. त्यामुळे त्या सुरांत एक बारीक थरथर असते, श्वास पुरत नसल्यासारखी. त्यावर वेटन अतिशय संथ, उदास चाल गातो. साडेचार मिनिटांच्या आसपास आवाज थांबतो आणि बेस एक तेरा मात्रांचं आवर्तन धरतो. फ्रिप त्यावर एकच सूर वाजवत राहतो. तोच, पुन्हा तोच. मग किंचित वर सरकतो आणि तिथे पुन्हा तसाच अडून बसतो. ब्रुफर्ड सुरुवातीला नुसतं टकटक करतो, मग हळूहळू एकेक घाव वाढवत नेतो. हे चांगली चार-साडेचार मिनिटं चालतं. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं होतं की माझ्याने आता हे सहन होणार नाही, आणि नेमका त्याच क्षणी बांध फुटतो, लय दुप्पट होते, सॅक्सोफोन घुसतो. अगदी शेवटी सुरुवातीची ती उदास चाल परत येते, पण आता सगळ्या बँडचा भार घेऊन. एवढं लांब गाणं कशासाठी, या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. ती मधली चार मिनिटं कापली तर शेवटच्या त्या एका मिनिटाला काहीच अर्थ उरत नाही.

आता 'रेड' आवडला असं धरून चालू. पुढचा अल्बम कसा शोधायचा? माझी रीत साधी आहे. आवडलेल्या अल्बमच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत जी नावं असतात ती वाचायची, आणि त्या माणसांचा माग काढायचा. फ्रिपचं नाव धरून निघालात तर २००७ साली पोहोचता, पॉर्क्युपाइन ट्री या बँडच्या 'फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट'पाशी. त्यातल्या 'वे आउट ऑफ हिअर'मध्ये मागे धुक्यासारखं जे पसरत राहतं ते फ्रिपचं काम. त्याच अल्बमवर 'अनेस्थटाइज' हे पावणेअठरा मिनिटांचं गाणं आहे, आणि त्यातला एक गिटार सोलो रश या बँडच्या अ‍ॅलेक्स लाइफसनचा. म्हणजे एका अल्बमवरून दोन वाटा फुटल्या.

पॉर्क्युपाइन ट्रीचा कर्ता माणूस स्टीव्हन विल्सन. त्याचं नाव धरा. २००९पासून किंग क्रिमसनचे जुने अल्बम नव्याने मिक्स करण्याचं काम त्याने केलं, आणि त्याच्या कितीतरी आधी, २००१ साली, स्वीडनच्या ओपेथ या मेटल बँडच्या 'ब्लॅकवॉटर पार्क'च्या निर्मितीत त्याचा हात होता. ओपेथच्या पहिल्या दोन अल्बमांचं ध्वनिमुद्रण सांभाळलं डॅन स्वानोने. त्या स्वानोच्या एज ऑफ सॅनिटी या बँडचा १९९६चा अल्बम आहे 'क्रिमसन', चाळीस मिनिटांचं एकच अखंड गाणं, आणि त्यात पाहुणा गायक म्हणून ओपेथचाच मिकाएल ओकरफेल्ट. दुसरीकडे २००१मध्ये किंग क्रिमसनने टूल या बँडबरोबर काही कार्यक्रम केले. ती वाट तुम्हाला टूलच्या 'लॅटरॅलस' या अल्बमपर्यंत नेते. हे सगळं एका अल्बमवरून निघालं. ऐकण्याच्या अ‍ॅपवर ज्या शिफारशी येतात त्या बहुतेक सारख्या वाजणाऱ्या गोष्टींच्या असतात. माणसांचा माग काढला की वेगळं वाजणारं पण आतून नात्यातलं असं संगीत सापडतं, आणि मला खरी गोडी तिथेच लागली.

ओपेथबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण नवीन माणूस बहुतेक इथेच माघार घेतो. कारण ग्राउल, म्हणजे घशाच्या तळातून काढलेला तो गुरगुरता आवाज. 'ब्लॅकवॉटर पार्क'ने सुरुवात करू नका. आधी २००३चा 'डॅम्नेशन' घ्या. त्यात ग्राउल अजिबात नाही, सगळं मऊ आणि मेलोट्रॉनने भरलेलं. तो 'डिलिव्हरन्स' या अत्यंत आक्रमक अल्बमच्या बरोबरीनेच मुद्रित झाला होता. तेच हात, तोच गायक. ओकरफेल्टच्या साध्या आवाजाशी ओळख झाली की मग 'ब्लॅकवॉटर पार्क'मधलं 'हार्वेस्ट' ऐका, तेही शांत आहे. त्यानंतर 'द ड्रेपरी फॉल्स'. त्याची सुरुवात हळुवार आहे आणि ग्राउल येतो तो गाणं मध्यावर आल्यावर. तोवर त्या माणसाचं दुःख तुम्हाला कळलेलं असतं, त्यामुळे तो आवाज अंगावर येत नाही, हवासा वाटतो. शब्द समजून घेण्याची खटपट सोडा. चेलोचा खर्ज ऐकतो तसा तो ऐका.

लांबीची भीती वाटत असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. या गाण्यांच्या लांबीला माध्यमाचंही कारण आहे. एलपीच्या, म्हणजे जुन्या ग्रामोफोन तबकडीच्या, एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं चांगली मावतात, म्हणून सत्तरच्या दशकातली मोठी गाणी तेवढीच भरतात. सीडीवर ऐंशी मिनिटांच्या आसपास मावतात, आणि 'लॅटरॅलस' जवळजवळ एकोणऐंशी मिनिटांचा आहे. तेव्हा जुने अल्बम आधी ऐका, कानाला सवय होते.

त्यात रशचा '२११२' चुकवू नका, १९७६चा. आधीचा अल्बम फारसा विकला गेला नव्हता, कंपनीला आता छोटी, सोपी गाणी हवी होती, आणि या तिघांनी अख्खी पहिली बाजू एकाच सात भागांच्या गाण्याला देऊन टाकली. गोष्ट भविष्यातली आहे. पुजाऱ्यांच्या ताब्यातल्या जगात एका तरुणाला धबधब्यामागच्या गुहेत जुनी गिटार सापडते. ती काय आहे हे त्याला माहीत नसतं. तो तारा छेडून बघतो, खुंट्या पिळतो, आणि लाइफसनची गिटार खरोखर बेसूर अवस्थेतून हळूहळू सुरात येताना ऐकू येते. हा आनंद सगळ्यांना मिळावा म्हणून तो धावत पुजाऱ्यांकडे जातो, आणि ते ती गिटार पायाखाली चुरडतात. मित्रांनी तुमचं गाणं दोन मिनिटांत बंद केलं तेव्हा तुम्हाला जे वाटलं असेल, ते रशचा ड्रमर आणि गीतकार नील पर्टने इथे शब्दांत मांडून ठेवलंय.

लयीबद्दलही लोक उगाच घाबरवतात. गणित येण्याची गरज नाही, पण एकदा बोटांवर मोजून बघाच. 'लॅटरॅलस'च्या शीर्षकगीतात एकापाठोपाठ नऊ, आठ आणि सात मात्रांचे तुकडे येतात, आणि कडव्यातल्या ओळींतली अक्षरं फिबोनाची क्रमाने वाढतात आणि उतरतात: एक, एक, दोन, तीन, पाच, आठ, मग पाच, तीन. हे कळण्याआधीही ते गाणं मला लाटेसारखं चढणारं-उतरणारं वाटायचं. कळल्यावर त्याचं कारण सापडलं. मेशुगा या मेटल बँडचं उलट. त्यांचं ऐकून वाटतं की लय पार विस्कटली आहे. अशा वेळी गिटारकडे लक्ष देऊ नका, झांजेकडे द्या. झांज बहुतेक वेळा सरळ चार मोजत असते. गिटार आणि पायाचा ड्रम मिळून एक वेगळ्याच लांबीचा तुकडा घोळवतात, तो दर वेळी समेच्या पुढेमागे पडतो, आणि मग एका ठिकाणी सगळं एकदम समेवर येतं. २००८च्या 'ऑबझेन'मधलं 'ब्लीड' असं मान डोलावत ऐका.

बाकी भराभर सांगतो. ड्रीम थिएटर सगळेच सुचवतात, मीही सुचवतो, पण 'इमेजेस अँड वर्ड्स'पासून, १९९२. त्यातल्या ड्रम्सचा आवाज फार कोरडा आहे, तेवढा सोसा, गाणी अप्रतिम आहेत. 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' त्यानंतर घ्या, कारण तो यातल्याच एका गाण्याचा पुढचा भाग आहे. तो एका बैठकीत आणि क्रमानेच ऐका, शफल बंद करून. मॅस्टोडॉनचा 'क्रॅक द स्काय', २००९, मला फार जवळचा. ड्रमर ब्रॅन डेलरच्या लहानपणीच गेलेल्या बहिणीचं नाव त्या शीर्षकात आहे, आणि ते ठाऊक झाल्यापासून शीर्षकगीत मी कधी सहज म्हणून लावलेलं नाही. नव्यांपैकी हेकनचा 'द माउंटन', २०१३.

आता ऐकवण्याबद्दल. मी कितीतरी वर्षं तेच केलं जे तुम्ही करताय. दहा-दहा लिंका पाठवायच्या, खाली 'ऐकच' असं लिहायचं. कुणीही काही ऐकलं नाही. माझी धाकटी बहीण तर खोलीचं दार लावून घ्यायची. "दादा, ते ढणढण बंद कर" हे तिचं ठरलेलं वाक्य.

एकदा रात्री वीज गेली होती. माझ्या फोनमध्ये 'रेड' होता. तिला म्हटलं, बारा मिनिटं देशील का? हेडफोनची एक बाजू तिच्या कानाला, एक माझ्या, आणि 'स्टारलेस' लावलं. त्याआधी दरवेळी माझी चूक व्हायची ती अशी, की मी मध्ये बोलायचो. "आता बघ काय येतंय", "हा तुकडा ऐक". त्यामुळे समोरचा गाणं ऐकायच्या ऐवजी माझ्या चेहऱ्याकडे बघत बसायचा. त्या रात्री मी तोंड मिटून बसलो. तेरा मात्रांच्या त्या लांबलचक तुकड्यात ती एकदा चुळबुळली, एकदा तिने हेडफोन काढायला हात वर नेला, आणि तसाच खाली आणला. गाणं संपल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "शेवटी ती पहिलीच चाल परत आली ना?"

हे तिला मी सांगितलं असतं तर ते माझं राहिलं असतं. तेव्हापासून मी एका माणसाला एकच गाणं देतो, त्याच्या कानाचा विचार करून देतो, आणि जमलं तर शेजारी बसून ऐकतो. ज्याला शब्द आवडतात त्याला रश. ज्याला चाल लागते त्याला 'डॅम्नेशन'. तबला किंवा ड्रम्स वाजवणाऱ्याला सरळ मेशुगा दिला तरी चालतो, तो पहिल्या मिनिटाला मोजायला लागतो. नाही आवडलं तर वर्षभर विषय काढायचा नाही.

बहिणीने पुढच्या काही महिन्यांत फ्रिपचं नाव कुठे कुठे आहे ते शोधून काढलं आणि एक दिवस मलाच एक अल्बम पाठवला, व्हॅन डर ग्राफ जनरेटरचा 'पॉन हार्ट्स', १९७१. मी तो कधीच ऐकलेला नव्हता. त्यात फ्रिप पाहुणा आहे, पण अल्बमचा सगळा भार ऑर्गन आणि सॅक्सोफोनवर. डेव्हिड जॅक्सन दोन-दोन सॅक्सोफोन एकदम तोंडात धरून वाजवायचा. गिटार जेमतेम असताना एखादं संगीत इतकं जड होऊ शकतं हे मला तिच्यामुळे कळलं. अल्बमची दुसरी बाजू म्हणजे एका दीपगृहाच्या रखवालदाराबद्दलचं तेवीस मिनिटांचं गाणं. तिने सोबत एकच ओळ लिहिली होती: "अंधारात ऐक."

तुम्ही 'रेड' ऐकलात की इथेच खाली लिहा, आणि 'स्टारलेस'च्या मधल्या भागात थांबावंसं वाटलं का तेही लिहा. तुमच्या उत्तरावरून पुढचा एक अल्बम सुचवेन.