‘जी २’चं ‘हाय ग्रेड’ झालं, म्हणजे आजार वाढला का?

विट्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या मूत्राशयातल्या गाठीचा रिपोर्ट ‘टीए, जी २’ होता. आता मिरजेत दुर्बिणीतून तीन गाठी काढल्या, मोठी ४ सेंमी; रिपोर्ट ‘टी १, हाय ग्रेड’.

खोली वाढली, हे खरं. टीए आतल्या अस्तरापुरती असते, टी १ त्याखालच्या थरात शिरलेली. ग्रेडबद्दल, म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात याबद्दल, मात्र घाई नको. जी १-२-३ ही १९७३ची पद्धत, लो-हाय ही २००४ची. जुना जी २ नव्या पद्धतीत कधी लोमध्ये जातो, कधी हायमध्ये. आधीच्या लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) मागून घ्या, जुने-नवे एकाच पॅथॉलॉजिस्टला शेजारी ठेवून बघायला सांगा आणि दोन्ही पद्धतींतला ग्रेड लिहून घ्या.

एवढा आटापिटा कशासाठी, ते ईओआरटीसी या युरोपातल्या कर्करोग संशोधन संस्थेच्या २००६च्या गुणतक्त्यात दिसतं. गाठ पुन्हा येईल का, याच्या गुणांत जी ३ला फक्त २ गुण आहेत. आठ किंवा जास्त गाठींना ६. आजार स्नायूपर्यंत जाईल का, यात पारडं फिरतं: जी ३ला ५, टी १ला ४, सोबत सीआयएस, म्हणजे अस्तरात सपाट पसरलेला कर्करोग, असेल तर ६. तुमच्याकडे गाठींची संख्या ३, आकार ३, पूर्वी झालेली गाठ २, टी १ चे ४, असे ग्रेड सोडून १२ गुण झाले. सीआयएस नाही असं धरलंय. १२ला पाच वर्षांतला धोका सुमारे १७ टक्के. तोच हाय ग्रेड जी ३ निघाला तर १७ गुण, आणि धोका ४५ टक्के! तक्ता ज्यांच्यावरून केला त्या रुग्णांपैकी फार थोड्यांना बीसीजी (मूत्राशयात सोडायचं औषध) मिळालं होतं, म्हणून आजच्या उपचारात हे आकडे खऱ्या धोक्यापेक्षा चढे आहेत असं धरा.

संख्या आणि आकार ऑपरेशन नोटमधूनच घ्या. पॅथॉलॉजिस्टकडे गाठीचे तुकडे जातात, अख्खी गाठ नाही.

पण ग्रेडच्याही आधी रिपोर्टमध्ये ‘मसल’ शब्द शोधा. नमुन्यात स्नायूच आला नसेल, किंवा करंटने भाजून ओळखू येत नसेल, तर त्या टी १ खाली टी २, म्हणजे स्नायूत शिरलेला आजार, लपलेला असू शकतो आणि वरचा सगळा हिशेब कोसळतो. स्नायू आलेला असला तरी टी १ला साधारण २ ते ६ आठवड्यांत दुर्बिणीने पुन्हा खरवडतात. त्या वेळी तळाचा तुकडा वेगळ्या बाटलीत, वेगळी चिठ्ठी लावून पाठवायला सर्जनना आधीच सांगा. बीसीजीची तारीख तो रिपोर्ट हातात आल्यावरच ठरवा.